पहारा: वीज पडल्यावर आमच्या कॉलेज रेडिओने पैसे कसे उभे केले

2024 च्या मे महिन्यातली गोष्ट. बेळगावात वळीव कसा येतो ते इथल्या माणसाला सांगायला नको, दुपारपर्यंत रणरणतं ऊन आणि चारच्या सुमारास राजहंसगडाच्या बाजूने काळं होऊन येतं, अर्ध्या तासात गटारी वाहायला लागतात. त्या दिवशी स्टुडिओत दोनच पोरं होती आणि शेतीचा कार्यक्रम चालू होता. वीज आमच्या मास्टवर, म्हणजे अँटेनाच्या खांबावर, थेट पडली नाही, मागच्या मैदानातल्या झाडावर पडली, पण झटका अँटेनाच्या केबलमधून आणि मेन लाइनमधून असा दोन्हीकडून आत आला, ट्रान्समीटरचं पॉवरचं कार्ड जळालं आणि आवाज जुळवायचा मिक्सर पण गेला. पोरांना काही झालं नाही, हे सगळ्यात आधी सांगायला पाहिजे. रेडिओ 19 दिवस बंद राहिला.

मी तेव्हा सेकंड इयर संपवून थर्डला जाणार होते, कार्यक्रम आणि वर्गणी बघणाऱ्या टीमची जबाबदारी नुकतीच माझ्याकडे आली होती. पुढचे नऊ महिने आम्ही काय केलं, कुठे चुकलो, काय जमलं ते सगळं आकड्यांसकट लिहून ठेवतेय, कारण आमच्या वेळी असं लिहिलेलं काहीच मिळालं नव्हतं आणि दुसऱ्या कुठल्या कॉलेजच्या पोरांवर ही वेळ आली तर त्यांना शून्यापासून सुरू करायला लागू नये.

खर्च असा होता. ट्रान्समीटर दुरुस्ती 96,000, नवीन मिक्सर 31,000, आणि नीट अर्थिंग करून झटका अडवणारी उपकरणं बसवायला 18,500, म्हणजे एकूण 1,45,500 रुपये. शेवटचे 18,500 आधीच खर्च केले असते तर बाकीचे सव्वा लाख वाचले असते ही गोष्ट मला अजून टोचते. संस्थेने पैसे उचल म्हणून दिले पण स्पष्ट सांगितलं, रेडिओच्या खात्यातून वर्षभरात परत पाहिजेत. संस्थेचा राग नाही, त्यांनी उचल दिली नसती तर 19 दिवसांचे सहा महिने झाले असते.

आता इथे थोडं थांबून हे रेडिओ प्रकरण कसं चालतं ते सांगते, कारण पुढचा सगळा गुंता त्यातनंच आला. हवेतल्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे असं सुप्रीम कोर्टाने 1995 मध्ये सांगितलं, मग 2002 च्या डिसेंबरमध्ये शिक्षणसंस्थांना सामुदायिक रेडिओची परवानगी मिळायला लागली, 2004 मध्ये चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाचं पहिलं स्टेशन लागलं आणि 2006 मध्ये सामाजिक संस्थांना पण दार उघडलं. परवाना मात्र संस्थेच्या नावावर असतो, विद्यार्थ्यांच्या नाही, राजकीय पक्षाशी जोडलेल्या विद्यार्थी संघटनेला तर तो मिळतच नाही. म्हणजे माइकवर आम्ही, रात्री जागणारे आम्ही, पण पैशाला हात लावायचा तो संस्थेच्या खात्यातून आणि संस्थेच्या पावतीवरच. ताकद साधारणपणे 100 वॉटपर्यंत, म्हणून आवाज पाच ते दहा किलोमीटर जातो. येळ्ळूर, उचगाव, कडोली अशा बाजूंना कुठे स्वच्छ कुठे खरखर. खानापूरची आमच्या टीममध्ये चार पोरं होती, रोज रेल्वेने येऊन कार्यक्रम करायची आणि घरी त्यांच्या आईला त्यातलं एक अक्षर ऐकू यायचं नाही.

पहिला विचार सगळ्यांना सुचतो तोच आम्हाला सुचला. ऑर्केस्ट्रा नाइट. टिळकवाडीत हॉल घ्यायचा, तिकीट लावायचं, स्पॉन्सर गाठायचे, एका रात्रीत लाखभर सुटतील. ऑगस्टमधली तारीख धरली कारण सप्टेंबरमध्ये गणपती आणि त्यानंतर परीक्षा. 44 पोरापोरींनी तीन आठवडे दुसरं काही केलं नाही. रामलिंग खिंड गल्ली, गणपत गल्ली, खडेबाजार, कॅम्प, प्रत्येक दुकानाच्या पायऱ्या चढलो.

स्पॉन्सरनी तोंडी 60,000 कबूल केले होते, हातात आले 35,000. यात कुणाची लबाडी नव्हती, आमचं चुकलं ते महिना निवडण्यात. ऑगस्ट म्हणजे प्रत्येक गल्लीचं मंडळ दुकानदाराच्या दारात उभं असतं, त्याला आपल्या गल्लीच्या गणपतीला आधी द्यावंच लागतं, बेळगावात त्यातनं कुणाची सुटका नाही आणि असू पण नये. आम्ही रांगेत सगळ्यात शेवटी होतो. तिकिटं 412 गेली, दीडशेच्या भावाने 61,800. बाहेरच्या खाण्याच्या स्टॉलवाल्यांकडून 6,000. एकूण जमा 1,02,800.

त्या रात्री हा आकडा ऐकून आम्ही स्टेजच्या मागे नाचलो होतो. मग बिलं यायला लागली. हॉल 28,000 सांगितला होता, त्यावर 18 टक्के जीएसटी धरायला विसरलो, 33,040 झाले. साउंड आणि लाइट 24,000, कलाकार 22,000, छपाई 6,800, चहा-नाश्ता आणि रिक्षा 5,200. गाण्यांच्या परवान्यांचे 7,500, हे तर कुणाच्या डोक्यातच नव्हतं. रेकॉर्ड वाजवायची असेल तर रेकॉर्डिंगचे हक्क बघणाऱ्या पीपीएल या संस्थेचा परवाना वेगळा आणि स्टेजवर कुणी गाणं म्हणणार असेल तर शब्द आणि चालीसाठी आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांच्या संस्थेचा वेगळा, आम्ही दोन्ही करणार होतो. वर पोलीस परवानगी, दहाला स्पीकर बंद म्हणजे बंद. पाऊस धो धो होता म्हणून लोक उशिरा आले, कार्यक्रम साडेसातला सुरू झाला आणि शेवटची चार गाणी राहिली ती राहिलीच. खर्च 98,540. हातात राहिले 4,260 रुपये.

चव्वेचाळीस जणांचे तीन आठवडे, आणि 4,260.

पण खरा हिशोब याच्याहून वाईट होता आणि तो आमच्या ट्रेझरर मुलीने काढला, बी.कॉमची, आमच्यात सगळ्यात शांत. दोन स्पॉन्सरना आम्ही वर म्हणून महिनाभर रोज सहा वेळा 20 सेकंदाची जाहिरात फुकट देऊ असं कबूल करून बसलो होतो. तिने वहीत मांडलं, दोघांच्या मिळून 360 जाहिराती, 10 सेकंदाला आमचा गल्लीतल्या दुकानांसाठीचा दर 30 रुपये, म्हणजे 21,600 रुपयांची वेळ आम्ही देऊन टाकली. आता कुणी म्हणेल वेळ काय, रेडिओ तसाही चालूच असतो. तसं नाही. जाहिरातीला ताशी मर्यादा आहे, पूर्वी सात मिनिटं होती ती फेब्रुवारी 2024 मध्ये 12 मिनिटं झाली, आणि संध्याकाळचे जे दोन-तीन तास लोक खरंच ऐकतात तेवढीच वेळ विकली जाते. (सरकारी जाहिरातीचा दरही तेव्हाच 10 सेकंदाला 52 वरून 74 रुपये झाला, पण त्या जाहिराती कधी येतील ते आपल्या हातात नसतं.) म्हणजे ऑर्केस्ट्रा नाइटने आम्हाला 4,260 मिळवून दिले नाहीत, 17,340 ला खड्ड्यात घातलं. कुठल्याही कॉलेज रेडिओच्या पोरांना मी हेच आधी सांगते, बदल्यात दिलेली वेळ रुपयात लिहा, नाहीतर कार्यक्रम फायद्यात गेला असं वाटत राहतं.

अजून एक गोष्ट लिहायची टाळणार होते पण लिहिते. तिकिटाचे पैसे घ्यायला संस्थेचा क्यूआर वेळेत मिळाला नाही म्हणून आम्ही एका मुलीच्या स्वतःच्या फोनचा क्यूआर छापून लावला. तिच्या खात्यात 38,000 जमले. तिने चौथ्या दिवशी पै न् पै संस्थेच्या खात्यात भरली, स्क्रीनशॉट काढून ठेवलेले, एक रुपयाचा फरक नाही. पण ते चार दिवस कॅन्टीनमध्ये काय काय बोललं गेलं ते तिने ऐकलं, तिच्या घरापर्यंत गेलं, तिचे वडील कॉलेजला येऊन रेडिओ बघणाऱ्या सरांसमोर बसले आणि म्हणाले, "सर, माझ्या पोरीनं काय केलंय ते तोंडावर सांगा." सरांना बोलता येईना. तिने रेडिओ सोडला आणि आम्ही किती विनवलं तरी परत आली नाही. आमच्या आळसाने एका प्रामाणिक मुलीचं नाव खराब झालं. त्यानंतर एकच नियम केला, संस्थेचा क्यूआर आणि नंबर घातलेलं पावतीबुक हातात आल्याशिवाय कुणाकडून दहा रुपये पण घ्यायचे नाहीत.

सप्टेंबर-ऑक्टोबर असेच गेले. नोव्हेंबरमध्ये काही करायचा प्रश्नच नव्हता, 1 नोव्हेंबरच्या आसपास आमच्या गावात काय वातावरण असतं ते सगळ्यांना माहीत आहे, कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक आणि सीमाप्रश्नावरून मराठी माणसं पाळतात तो काळा दिवस एकाच तारखेला, त्यात कुठलीही वर्गणी मागितली की पहिला प्रश्न येतो तुम्ही कुणाचे. आमच्या टीममध्ये मराठी, कानडी, उर्दू, कोंकणी बोलणारी सगळी पोरं आहेत आणि रेडिओवर या चारही भाषा लागतात. त्या प्रश्नाचं उत्तर द्यायला लागू नये असाच महिना निवडायला पाहिजे होता.

कल्पना आली ती डिसेंबरात, एका मुलाच्या गावच्या सप्ताहातनं. तो रात्री दोन ते तीनचा पहारा करून सकाळी स्टुडिओत आला होता, डोळे लाल. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, अखंड हरिनाम सप्ताहात वीणा सात दिवस खाली ठेवायचा नाही, एकेक जण तासभर गळ्यात घालून उभा राहतो, मग दुसरा घेतो, त्याला पहारा म्हणतात. कुठला पहारा कुणाचा ते आधीच फळ्यावर लिहिलेलं असतं, पंगती पण वाटून घेतलेल्या असतात, कुणी तांदूळ देतो कुणी गूळ देतो. एकटा माणूस सप्ताह करत नाही आणि तरी सप्ताह कधी पैशावाचून अडत नाही. तो मुलगा जांभया देत म्हणाला, आपला रेडिओ पण असाच चोवीस तास चालवूया की, माइक खाली ठेवायचा नाही. 13 फेब्रुवारीला जागतिक रेडिओ दिवस असतो, 1946 मध्ये त्या तारखेला संयुक्त राष्ट्रांचा रेडिओ सुरू झाला म्हणून युनेस्कोने 2011 मध्ये तो ठरवला. 12 च्या संध्याकाळी सहापासून 13 च्या संध्याकाळी सहापर्यंत, चोवीस तास, चोवीस पहारे, प्रत्येक पहारा एका गल्लीचा किंवा गावाचा.

मी त्याच रात्री दरपत्रक बनवलं. सकाळी सात ते नऊचे पहारे 5,100 ला, संध्याकाळचे 4,100, दुपारचे 2,100, मध्यरात्रीचे 1,100. बेरीज चांगली येत होती. गणपत गल्लीतले एक व्यापारी काका तर सकाळी आठच्या पहाऱ्याला 11,000 द्यायला तयार झाले, त्यांच्या गल्लीच्या नावाने.

दुसऱ्या दिवशी सरांनी कागद वाचला आणि चष्मा काढून ठेवला. ते म्हणाले, हे प्रायोजित कार्यक्रम झाले. सामुदायिक रेडिओला स्थानिक दुकानांच्या, सेवांच्या, नोकऱ्यांच्या जाहिराती चालतात, पण प्रायोजित कार्यक्रम चालत नाहीत, सरकारचे किंवा जनहिताच्या माहितीचे सोडून. पैसे देऊन तास घेतला की तो तास विकला, मग त्याला पहारा म्हणा नाहीतर काय म्हणा. मी वाद घातला, देणगी आहे सर, विक्री नाही. सर म्हणाले, "मग दर कशाला लावलास ग?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि नियम बाजूला ठेवला तरी दुसरी एक गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती ती खानापूरच्या मुलीने दाखवली. माझ्या दरपत्रकाने गणपत गल्लीला सकाळचे आठ मिळणार आणि वडगावच्या विणकरांना पहाटेचे तीन. सप्ताहात असं असतं का? तिथे पाटलाला पण रात्रीचा पहारा येतो.

दोन दिवस भांडलो आणि शेवटी असं ठरलं. पहारा चिठ्ठीने. पैशाचा आणि वेळेचा काही संबंध नाही, ज्याला बोलायचंय त्याने नाव द्यावं, देणगी दिली नाही तरी पहारा मिळणार. देणगी वेगळी, रेडिओच्या दुरुस्तीला, संस्थेच्या पावतीवर, आणि देणाऱ्याचं नाव पहाऱ्यात घ्यायचं नाही. आयकरातली 80जीची सवलत पाहिजे असेल तर पॅन घ्यायचा आणि 2,000 च्या वर रोख दिलं तर सवलत बसत नाही हे आधीच सांगायचं. व्यापारी काकांना हे सांगायला मी आणि सर दोघं गेलो. काका रागावले नाहीत पण हिरमुसले. चिठ्ठीत त्यांच्या गल्लीला दुपारचे तीन आले आणि त्यांनी 11,000 ऐवजी 2,001 ची पावती फाडली. हे मी लिहितेय कारण नियम पाळला की देव पैसे देतो असं काही नसतं, 8,999 रुपये त्या दिवशी खरोखर गेले.

बॅनरवर पण तीन मीटिंगा झाल्या. 2024 पासून पाट्यांवर 60 टक्के कन्नडचा कायदा आलाय, आणि खेड्यात मराठी नसेल तर आज्जी-आजोबांना कळणार नाही. कुणीतरी म्हणालं शहरात एक आणि गावात एक असे वेगळे बॅनर छापू. मला ते पटलं नाही, येळ्ळूरचा माणूस रोज शहरात येतो, तो दोन्ही बघणार आणि म्हणणार आमच्याकडे एक तोंड, तिकडे एक तोंड. सगळीकडे एकच बॅनर लावला, वर मोठं कन्नड आणि खाली मराठी, दोन्हीत पहारा हाच शब्द. कुठेही कुणी फाडला नाही.

हवेवरच्या नियमांचं सांगणं जास्त अवघड गेलं. राजकीय काही चालत नाही, आणि बातम्या फक्त आकाशवाणीच्या, त्या पण मजकुरात फेरफार न करता. एका गावात मीटिंगला एक आजोबा होते, सीमालढ्यात तुरुंगात गेलेले. त्यांना मी सांगितलं की पहाऱ्यात सीमाप्रश्नावर बोलता येणार नाही. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "पोरी, माझ्या आयुष्यातनं तेवढं काढलंस तर मी बोलू काय?" मी घरी येऊन रडले. मी मराठी शाळेत शिकले, माझ्या आज्जीने मला त्याच गोष्टी सांगितल्यात. पण परवाना गेला तर त्यांचाही आवाज जाणार होता. दुसऱ्या दिवशी परत गेले आणि विचारलं, तुरुंगात सकाळी उठल्यावर काय करायचा, काय खायचा, घरी पत्र कसं लिहायचा तेवढं सांगाल का. त्यांनी आईला लिहिलेल्या पत्रांबद्दल 14 मिनिटं सांगितलं. सरांनी ते आधी ऐकलं, त्यात राजकारणाचा एक शब्द नव्हता आणि ऐकणाऱ्याला सगळं कळत होतं. रेकॉर्डिंग करताना आमचा कानडी तंत्रज्ञ मुलगा काचेपलीकडे डोळे पुसत होता.

तारखेत मात्र आम्ही सपशेल चुकलो. 12 फेब्रुवारी 2025 ला माघी पौर्णिमा होती, म्हणजे भरत पौर्णिमा, सौंदत्तीच्या डोंगरावर यल्लमाची यात्रा. कॅलेंडर बघितलं होतं पण फक्त परीक्षांसाठी. दोन गावांची निम्मी माणसं डोंगरावर जाणार हे आठवडाभर आधी कळलं. चिठ्ठी बदलायची तर सगळ्यांचीच बदलावी लागणार, म्हणून त्या गावांचं अर्धं बोलणं आधी रेकॉर्ड केलं आणि उरलेल्या वेळात माणसं डोंगरावरनं फोन करून बोलली, मागे "उधो गं आई उधो" चाललेलं, बैलगाडीत झोपलेल्या पोरांबद्दल, रस्त्याकडेला चूल मांडून केलेल्या स्वयंपाकाबद्दल. खरं तर तो तास सगळ्यात चांगला झाला, पण तो योगायोग, नियोजन नाही. यात्रांचं कॅलेंडर घ्या, हे लिहून ठेवा.

रात्रीच्या पहाऱ्यांची भीती होती. एक ते चार चिठ्ठीत ज्यांना आले त्यातल्या दोन गल्ल्यांनी दुसऱ्याच दिवशी हात वर केले. मग आम्ही उलटं विचार केला, रात्री जागं कोण असतं? हॉस्पिटलचे वॉचमन, बेकरीत पाव लावणारे, स्टेशनबाहेरचे रिक्षावाले, भाजी मार्केटचे हमाल. त्यांना बोलवायला गेलो तर पहिला प्रश्न सगळ्यांचा एकच, आम्हाला कोण ऐकणार. तीनच्या पहाऱ्याला सहा वॉचमन आले, तिघं ड्युटी बदलून. एकाने सांगितलं, आयसीयूच्या बाहेर जे नातेवाईक रात्रभर बसतात त्यांना झोप आली की तो हळूच जागा करून बाकड्यावर आडवं व्हायला सांगतो आणि आत काही झालं तर मी उठवतो म्हणतो, बारा वर्षं हेच करतोय. त्या तासात आमचा फोन 31 वेळा वाजला. ऑर्केस्ट्रा नाइटच्या आधी महिनाभर तिकिटांची जाहिरात केली तेव्हा एकूण एवढे फोन आले नव्हते.

पहाटे चारला मार्केटचे हमाल, त्यांनी रताळ्याचं पोतं उचलताना पाठ कशी वाकवायची ते शिकवलं. पाचला ओव्या, एका गावच्या तीन बायका, त्यातल्या एका आज्जीने जातं आणलंच पाहिजे असा हट्ट धरला, रिक्षातनं जातं आणलं, त्याची घरघर माइकवर घ्यायला तंत्रज्ञ मुलाने खाली पोतं घालून तीन वेळा जागा बदलली. वडगावच्या विणकरांना सकाळचे आठ आले. तेच आठ. त्यांनी मागाचा आवाज मोबाईलवर घेऊन आणला होता आणि मराठी, कानडी, तेलुगू तिन्ही भाषांत बोलले.

खाण्याला एक रुपया लागला नाही, शिधा आला. कुणी इंद्रायणी तांदूळ, कुणी भाजी, एका गावाने भाकरीच बांधून आणल्या. शेवटी सहा वाजता काला केला, लाह्या, पोहे, दही. मिक्सरवर बसणारी पोरं उभ्या उभ्या झोपली होती.

पैसे. क्यूआरवरून 71,300 आणि रोख पावत्यांनी 47,460, एकूण 1,18,760. पावत्या 587, म्हणजे सरासरी दोनशेच्या आसपास, सगळ्यात मोठी 5,001. खर्च 9,400, त्यात जनरेटरचं डिझेल सगळ्यात जास्त. हातात राहिले 1,09,360. ट्रेझररने पावत्या गावांनुसार लावल्या तेव्हा कळलं की सगळ्यात जास्त पावत्या पहारा झाल्यानंतरच्या तीन दिवसांत फाटल्या, आणि बहुतेक वीस, पन्नास, शंभराच्या, बोलणाऱ्यांच्या नात्यातल्या माणसांच्या. ज्या आज्जीने जातं आणलं तिच्या गल्लीतनं 43 पावत्या. वॉचमन लोकांकडून आम्ही काही मागितलंच नव्हतं, त्यांनी आपसात गोळा करून 640 रुपये आणून दिले, पावती कुणाच्या नावाने लिहायची म्हणून विचारलं तर म्हणाले "तीनचा पहारा" लिहा. पावतीवर माणसाचं नाव लागतं, सहा वेगळ्या पावत्या केल्या.

ऑर्केस्ट्राचे 4,260 धरून 1,13,620 झाले, संस्थेचे 31,880 राहिले. ते जूनपर्यंत जाहिरातींतनं फेडले, या वेळी फुकट एक सेकंद पण न देता. गणपत गल्लीच्या काकांनी मार्चपासून रोजची जाहिरात लावली, पूर्ण दराने, दुपारी तीनलाच लावा म्हणाले, त्यांना वाटतं त्या वेळी दुकानात बसलेली माणसं ऐकतात. मला वाटतं पहाऱ्यात त्यांच्या वडिलांच्या जुन्या दुकानाबद्दल त्यांच्या आत्या बोलल्या होत्या, ते कारण असावं.

प्रसारित केलेलं सगळं तीन महिने जपून ठेवायचा नियम आहेच. ते संपायच्या आधी आम्ही प्रत्येक गावाचा तास पेनड्राइव्हवर घालून दिला. तुरुंगातल्या पत्रांवर बोललेले आजोबा पावसाळ्यात गेले, त्यांच्या बाराव्याला तो पेनड्राइव्ह लावला होता असं त्यांच्या नातवाने सांगितलं.

2026 च्या पहाऱ्याची चिठ्ठी काढायच्या आठवडाभर आधी वॉचमन लोकांपैकी एक मामा स्टुडिओत आले. त्यांना चिठ्ठी नको, तीनचाच तास पाहिजे, त्या वेळी आयसीयूबाहेर बसलेल्यांना त्यांनी कानात सांगून ठेवलंय. चिठ्ठीचा नियम आम्हीच भांडून केलेला. मीटिंग दोन तास चालली, खानापूरची मुलगी नाही म्हणाली, ट्रेझरर हो म्हणाली. मी आता पास होऊन गेलेय, मला मत नव्हतं. शेवटी पोरांनी ठरवलं की तीनचा पहारा कुणालाच नको असेल तर तो चिठ्ठीत घालायचाच नाही, आधी सगळ्या गावांना विचारायचं. तेवीस जणांनी नको म्हणून सांगितलंय. कडोलीच्या एकाचं उत्तर यायचंय.